वर्धा घाणी : मगनवाडीतील तेलकामाचा इतिहास

अखिल भारत ग्रामोद्योग संघाची आठवण निघाली की हातकागद, मधमाशीपालन आणि मगनचूल ही नावे आधी येतात. तेलघाणीचा उल्लेख त्यानंतर होतो आणि बहुधा एका ओळीत संपतो. या लेखात ती ओळ उलगडायची आहे. मगनवाडीतल्या प्रयोगांत तेलघाणीची गोष्ट वेगळी आहे. घाणी सुधारली, तेल चांगले निघू लागले, ती चालवणारी माणसे तयार झाली, आणि तरीही गावोगावच्या घाण्या एकेक करून थांबत गेल्या. असे का झाले, याचे उत्तर मगनवाडीने १९३९ सालीच शोधून ठेवले होते. आजच्या शेकडो टनांच्या तेलकारखान्यांनाही ते लागू पडते, म्हणून हा इतिहास सविस्तर सांगायला हवा.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला वर्ध्यात संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले, जो. कॉ. कुमारप्पा संघटक आणि चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिच्यातला बंगला संघाला देऊन टाकला. १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी ठेवले गेले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ च्या एप्रिलअखेर मुक्काम हलवेपर्यंत गांधीजींचे राहणे याच बागेत होते.

कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडनला ती विद्या शिकलेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेले. ग्रामोद्योगाकडे ते भावनेने वळले असतील, पण त्याचा विचार त्यांनी जमाखर्चाच्या वहीतून केला. गावातून काय बाहेर जाते, गावात काय परत येते आणि मधल्या मधे कोण राहून जातो, हे तीन प्रश्न ते प्रत्येक उद्योगाला विचारत. तेलाच्या बाबतीत त्यांची उत्तरे फारच बोलकी होती. तेलबी गावात पिकते. ती गाडीत भरून शहरात जाते. तेल डब्यातून गावात परत येते, ढेप मात्र बहुतेक येत नाही. गावातल्या तेल्याची घाणी मोकळी राहते आणि त्याचा बैल विकला जातो.

वर्धा जिल्हा कापसाचा. जिनिंगमुळे सरकी मुबलक, शिवाय जवस, तीळ, करडई आणि भुईमूग. मध्य प्रांतातले जवस रेल्वेने मुंबई बंदरात जाऊन तिथून परदेशी रवाना होत असे. इतकी तेलबी पिकवणाऱ्या मुलखात तेली रिकामा बसावा, ही विसंगती मगनवाडीच्या कार्यकर्त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होती. तेलघाणीचे काम संघाचे कार्यकर्ते झवेरभाई पटेल यांच्याकडे आले आणि पुढे तेलघाणी आणि झवेरभाई ही दोन नावे वेगळी राहिली नाहीत.

घाणीची रचना आजच्या पुष्कळ वाचकांनी पाहिलेली नसेल, म्हणून ती थोडी खुलासेवार सांगतो. जमिनीत घट्ट रोवलेले लाकडाचे किंवा दगडाचे उखळ, आणि त्याच्या मधोमध वाटीसारखा खळगा. खळग्यात तिरपी उभी राहते ती लाट. लाटेचे वरचे टोक एका वाकड्या लाकडात अडकवलेले असते. ते लाकूड खाली एका आडव्या फळीला जोडलेले, आणि फळीचे एक टोक उखळाच्या पोटाला घासत फिरते. दुसऱ्या टोकाला जू आणि जुवाला बैल. फळीवर धोंडे ठेवतात, नाहीतर तेली स्वतः बसतो. बैल डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरू लागला की लाट खळग्याच्या काठावर दाब देत फिरते. आधी बी भरडली जाते, मग तिचा लगदा होतो, आणि दाब वाढत गेला की तेल सुटू लागते. मधे थोडे पाणी शिंपडावे लागते. ते किती आणि नेमके केव्हा, यात तेल्याचे सगळे कसब असते. पाणी कमी पडले तर ढेप बांधत नाही, जास्त झाले तर तेल गढूळ होते. वाकडे लाकूड फळीला साखळीने किंवा खुंटीने जोडलेले असले तर लाटेचा कोन आणि उंची बदलता येते. तिळाला एक कोन लागतो आणि भुईमुगाला दुसरा.

घाणीची क्षमता साधारण अशी असते. मध्यम घाणीत एका खेपेला दहा किलोच्या आसपास बी मावते आणि एक खेप उतरायला दोन तास जातात. तीन-चार तासांत बैल थकतो, मग दुसरा जुंपावा लागतो. एवढे करून दिवसाकाठी चाळीस किलोच्या आसपास बी गाळली जाते. देशाच्या वेगवेगळ्या भागांत घाणीचे आकार इतके निरनिराळे होते, की कुठे पाच किलोच्या खेपेची घाणी असे तर कुठे चाळीस किलोची. कुठे तेलासाठी उखळाला भोक ठेवलेले असे, कुठे ते कापडाने टिपून घ्यावे लागे.

मगनवाडीत या निरनिराळ्या घाण्यांचा अभ्यास झाला आणि त्यांतून जी सुधारलेली घाणी उभी राहिली तिला पुढे देशभर वर्धा घाणी म्हणू लागले. गावच्या लहान घाणीपेक्षा तिची खेप मोठी होती आणि तेलाचा उतारा चांगला होता. तिची बांधणीही अशी होती, की गावातल्या सुताराला ती पाहून घडवता यावी. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्राची सुधारणा करताना ते दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मगनवाडीने आधी विचारला. लाट झिजते आणि उखळाचा आतला भाग त्याहून लवकर झिजतो. सुटा भाग शहरातून मागवावा लागणारी घाणी ऐन हंगामात पंधरा दिवस उभी राहिली, तर तेली त्या हंगामातून उठला असे समजायचे.

त्या काळात घाणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप असा होता, की ती तेल वाया घालवते. त्यात तथ्य होते, आणि ते आकड्यांत पाहिले म्हणजे वाद बराच स्वच्छ होतो. घाणीच्या ढेपेत दहा-बारा टक्के तेल राहते. एक्स्पेलरच्या, म्हणजे गिरणीतल्या दाबयंत्राच्या ढेपेत सहा ते आठ टक्के, आणि सॉल्व्हंट पद्धतीने, म्हणजे रसायनात विरघळवून काढल्यावर उरलेल्या पेंडीत एक टक्क्याहून कमी. आता चाळीस टक्के तेल असलेले १०० किलो जवस घ्या. घाणी त्यातून ३२-३३ किलो तेल काढील, एक्स्पेलर ३५-३६ किलो काढील आणि सॉल्व्हंट ३९ किलोच्या वर जाईल. म्हणजे जवसासारख्या तेलकट बियांत घाणी आणि एक्स्पेलर यांच्यातले अंतर शंभर किलोंमागे तीन किलोंचे. हे तीन किलो हरवत नाहीत, ढेपेत राहतात. ती ढेप गावातल्याच गुरांनी खाल्ली तर दुधातून, शेणखतातून आणि बैलाच्या अंगातून त्याची भरपाई होते. कुमारप्पांच्या वहीत ही रक्कम जमेच्या बाजूला होती. गिरणीच्या वहीत ती नुकसानीच्या खात्यावर जात असे, कारण गिरणीच्या दारात गुरे बांधलेली नव्हती.

आता संघाच्या इतिहासातल्या माझ्या मते सर्वांत मोलाच्या कामाकडे येतो. हे काम घाणीच्या लाकडात नाही. झवेरभाईंनी गावची घाणी का बुडाली याची कारणे शोधली आणि गांधीजींनी सप्टेंबर १९३९ च्या ‘हरिजन’मध्ये ती मांडली. मुख्य कारण म्हणून त्यांनी मागासलेल्या यंत्राला किंवा गिरणीच्या वेगाला दोष दिला नाही. तेल्याला वर्षभर बी मिळत नाही, हे त्यांनी पहिले कारण दिले. हंगाम संपला की गावातली सगळी तेलबी उचलली जाते. ती साठवून ठेवायला तेल्याकडे पैसा नसतो, मग शहरात जाऊन चढ्या भावाने विकत घेणे तर दूरच. म्हणून हंगामात घाणी फिरते आणि एरवी उभी राहते. लाखो घाण्या अशा मोकळ्या पडल्या होत्या. त्यावरचा उपायही सांगितला होता: तेलबी जिथे पिकते तिथेच सरकारने ती साठवावी आणि सहकारी संस्था किंवा पंचायतींमार्फत तेल्यांना रास्त भावाने द्यावी. एवढे झाले तर घाणीचे तेल गिरणीच्या तेलापुढे टिकेल, असा झवेरभाईंचा अभ्यासाअंती झालेला निष्कर्ष होता.

या निष्कर्षाची किंमत ओळखण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहून फार दिवस झाले नव्हते आणि डालडा १९३७ पासून बाजारात होता. शास्त्र, जाहिरात आणि भांडवल एका बाजूला झाले होते. अशा वेळी मगनवाडीच्या माणसांनी यंत्रावरचे लक्ष काढून साठवणुकीवर, खेळत्या भांडवलावर आणि खरेदीच्या वेळेवर नेले. घाणीची क्षमता मोजायची तर ती उखळाच्या खळग्यावरून मोजता येत नाही, तेल्याच्या घरातल्या कणगीवरून मोजावी लागते, हे त्यांना कळले होते. या विषयावर नंतर जे पुष्कळ लिहिले गेले, त्यात याच्या पुढे गेलेले मला फार थोडे आढळले.

त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली होती. तिने ६०६ गावांची पाहणी केली. विदर्भातल्या गावच्या धंद्यांकडे इतक्या जवळून तोवर कोणी पाहिले नव्हते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जिथे लोकांना वस्तू पाहून ती करायला शिकता यावी असे ते संग्रहालय होते, आणि तेलघाणीला तिथे हक्काची जागा मिळाली.

मगनदीपाचा उल्लेख इथेच करायला हवा. रॉकेल बाहेरून येते आणि पैसा बाहेर नेते, म्हणून गावच्या तेलावर जळणारा कंदील मगनवाडीत प्रचारात आणला गेला. करंज, कडुनिंब यांच्या बियांचे तेल खाण्यात घेत नाहीत, पण ते जळते आणि त्याचा साबणही होतो. झाडाखाली पडून कुजणारी निंबोळी गोळा केली तर घाणीला खाद्यतेलाच्या हंगामाबाहेरही काम मिळते. बियांच्या टंचाईवरचा हा दुसरा उपाय होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात निंबोळ्यांचा सडा पडलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे प्रमाण सांगावे लागणार नाही. पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या व्यवस्थेत अखाद्य तेल आणि साबण हा स्वतंत्र विभागच झाला. मगनदीप स्वतः फार दिवस टिकला नाही. आधी स्वस्त रॉकेल आणि मग वीज आली.

छोडो भारत चळवळीच्या वर्षांत संघाच्या कामात खंड पडला. कुमारप्पा तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. स्वातंत्र्यानंतर तेलघाणीचा प्रश्न दिल्लीच्या टेबलावर पोचला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत तत्त्व म्हणून असे मांडले गेले, की खाद्यतेल गाळण्याचे काम गावच्या उद्योगाकडे असावे आणि गिरण्यांनी अखाद्य तेलाकडे वळावे. मगनवाडीचा विचार सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापन झाले. १९५५ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांवर अहवाल दिला. १९५७ मध्ये मंडळाचे काम कायद्याने स्थापलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आले. सुधारलेल्या घाण्यांना अनुदान मिळाले, तेल्यांच्या सहकारी संस्था निघाल्या.

आणि गिरण्या? गिरण्या वाढतच राहिल्या. खाद्यतेल घाणीसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व कागदावरून पेठेत उतरले नाही. अनुदान घाणी विकत घेण्यासाठी मिळत होते आणि ती विकतही घेतली जात होती. पण हंगामात दहा पोती जवस भरून ठेवायला लागणारा पैसा तेल्याच्या हातात वेळेवर क्वचितच पडे. १९३९ च्या निदानातला पहिलाच मुद्दा मागे सुटला. सरकारी मदतीचा कल वस्तू देण्याकडे असतो, कारण ती मोजता येते. खेळते भांडवल मोजायला आणि वसूल करायला अवघड. या कारणाने गमावलेल्या सहकारी संस्थांची मला मनापासून हळहळ वाटते. त्यांत कष्ट करणारी माणसे होती, चांगली घाणी होती आणि तेलाला गिऱ्हाईकही होते.

मगनवाडीत १९५५ मध्ये जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली आणि ग्रामोद्योगांच्या तांत्रिक संशोधनाचे काम तिच्याकडे गेले. ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कुमारप्पा तोवर वर्ध्याजवळच्या सेलडोहच्या पन्नई आश्रमात आणि मग दक्षिणेत गेले होते. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

या टप्प्यावर घाणीत एक मोठा बदल झाला: बैल गेला आणि विजेची मोटर आली. पॉवर घाणीला विश्रांती लागत नाही, त्यामुळे दिवसाला १०० किलोच्या आसपास बी गाळता येऊ लागली. दोन घाण्या शेजारी लावून एकाच माणसाने सांभाळण्याची पद्धत पडली. बैल निघाल्याने तेल्याचा चाऱ्याचा खर्च वाचला, पण वीजबिल आले. जुन्या कार्यकर्त्यांना हा बदल रुचला नाही. मला मात्र तो योग्य वाटतो. झापड बांधून तासन् तास गोल फिरणाऱ्या जनावराचे कष्ट कमी होणे ही चांगलीच गोष्ट आहे, आणि लाकडी उखळात लाकडी लाटेने दाबून काढलेल्या तेलाचा गुण फिरवणारा बैल आहे की मोटर यावर अवलंबून नसतो.

घाणी चाळीसवरून शंभर किलोंवर आली तोवर तेलउद्योगाचे मोजमापच बदलले होते. गिरण्यांत एक्स्पेलर लागले. सहा बोल्टचा, नऊ बोल्टचा अशी त्यांची बाजारातली मापे, आणि दिवसाला काही टन बी गाळण्याची त्यांची ताकद. मग सॉल्व्हंट प्लांट आले. तिथे बी दाबत नाहीत. ती शिजवून रोलरखाली मिलिमीटरच्या अंशाएवढे पातळ पोहे करतात, त्यांवर हेक्झेन सोडतात, तेल हेक्झेनमध्ये विरघळून खाली येते आणि मग उष्णतेने हेक्झेन उडवून ते परत जमवतात. हेक्झेन सत्तर अंशांच्या आतबाहेर उकळते आणि पटकन पेट घेते, म्हणून अशा प्लांटच्या आवारात काडेपेटीही नेऊ देत नाहीत. या रीतीने काढलेले तेल शुद्धीकरण केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही, तसा कायदा आहे. दिवसाला २५० टनांचा एक मध्यम प्लांट घेतला तर तो चाळीस किलोंच्या ६,२५० बैलघाण्यांइतकी बी एकटा गाळतो. एवढ्या घाण्यांवर किती घरे चालली असती, याचा हिशेब वाचकांनी करावा. पण त्या प्लांटची दुसरी बाजू अशी, की दिवसाला २५० टन बी रोज दारात आली नाही तर त्याचे व्याज, पगार आणि वाफेचा खर्च थांबत नाही.

घाणीवर शेवटचा आघात यंत्राने केला नाही, पिकाने केला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीन पसरले आणि जवस, करडई, तीळ, कारळ मागे हटले. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. वरचाच हिशेब त्याला लावून पाहा: १०० किलो सोयाबीनमधून घाणी आठेक किलो तेल काढील आणि दहा किलो ढेपेत सोडील. एक्स्पेलर बारा किलोंपर्यंत जाईल. सॉल्व्हंट सतरा किलोंच्या वर काढतो. जवसात घाणी आणि सॉल्व्हंट यांच्यातले जे अंतर सहा-सात किलोंचे, म्हणजे तेलाच्या सहाव्या हिश्शाएवढे होते, ते इथे निम्म्याहून अधिक तेलाचे झाले. सोयाबीनचा खरा पैसा पेंडीत, म्हणजे तिच्यातल्या प्रथिनांत आहे, आणि ती कोंबडीखाद्याला आणि निर्यातीला जाते. पीक बदलले आणि त्याबरोबर ते गाळण्याची जागा गावातून निघून औद्योगिक वसाहतीत गेली. घाणीसाठी गावात उरले ते घरापुरते तीळ आणि बांधावरचे जवस.

इतिहासातला एक दुवा इथे सांगितलाच पाहिजे. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत असताना तिथल्या स्वयंपाकघरात सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग चालले होते आणि त्यांनी त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिलेही होते. त्यांना सोयाबीन हवे होते ते गरिबाच्या ताटातले प्रथिन म्हणून. पन्नास-साठ वर्षांनी तेच पीक या मुलखात लाखो हेक्टरांवर आले. आज त्यातले फारच थोडे गरिबाच्या ताटात जाते.

आता १९३९ च्या निदानाकडे पुन्हा येतो. देशात आज सॉल्व्हंट आणि एक्स्पेलर मिळून जी गाळप-क्षमता आहे, तिच्यातली निम्म्याहून अधिक पडून राहते. हंगामात प्लांट पूर्ण ताकदीने चालतात आणि मग बियांसाठी ताटकळतात. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानानंतर काही वर्षे देश स्वयंपूर्णतेच्या जवळ पोचला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात मोकळी झाली, आणि आता वर्षाला सुमारे १५० लाख टन खाद्यतेल बाहेरून येते. भुईमूग आणि मोहरीचे सॉल्व्हंटविना काढलेले तेल लघुउद्योगासाठी राखीव होते. ते आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठले. त्या आरक्षणाने लहान गिरण्या जगल्या खऱ्या, पण त्यांना वर्षभराची बी मिळवून देण्याची तजवीज त्यातही नव्हती. झवेरभाईंनी गावच्या तेल्याविषयी जे सांगितले, ते वाक्यावाक्याने आजच्या कारखानदाराला लावता येते. फरक एवढाच, की तेल्याचे नुकसान एका घराचे होते आणि त्याला कर्ज कोणी देत नव्हते.

मगनवाडीतल्या संशोधन संस्थेचे २००१ पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत रूपांतर झाले आणि २००८ मध्ये तिला स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. मगन संग्रहालयाचे कामही चालू आहे. इकडे गेल्या दहाएक वर्षांत शहरांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत, नागपुरात आणि तालुक्याच्या गावीही मोटरवर फिरणारी लाकडी घाणी दुकानातच लावून गिऱ्हाइकासमोर शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल काढून देतात. हे तेल कारखान्याच्या तेलापेक्षा पुष्कळ महाग असते आणि तरी विकले जाते. घाणीच्या तेलाला बाजार नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही. मात्र या दुकानांत येणारी बी बहुतेक व्यापाऱ्याकडून येते आणि सुगीनंतर भाव चढले की तेलाचाही भाव चढतो. काही दुकानदार सुगीतच वर्षाची करडई भरून ठेवतात. ज्यांना ते परवडते त्यांचीच घाणी पावसाळ्यातही फिरत राहते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल-तेलबियांसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याची तरतूद १०,१०३ कोटी रुपयांची आहे आणि मुदत २०३०-३१ पर्यंत. तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांपर्यंत न्यायचे उद्दिष्ट आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांना काढणीनंतरच्या सोयी उभ्या करण्यासाठी मदत त्यात धरलेली आहे. वर्धा आणि यवतमाळच्या शेतकरी कंपन्यांनी या पैशातून आधी कोठार बांधावे, आपल्या सभासदांचे जवस आणि करडई सुगीतच रोख पैसे देऊन भरून घ्यावी आणि घाणी त्यानंतर मागवावी. ती कशी घडवायची आणि कशी चालवायची, हे शिकवण्याचे काम मगनवाडी अजूनही करू शकते.